एक खोली गारच राहते: रेडिएटरचं पाणी घरभर सारखं कसं पोहोचवायचं

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडात घड्याळं तासभर मागे जातात आणि त्याच आठवड्यात मला फोन यायला लागतात. "दादा, हीटिंग चालू आहे, बॉयलर धडधडतोय, पण मुलांच्या खोलीतला रेडिएटर गारच." स्विंडनमधल्या आणि आजूबाजूच्या ओळखीच्या मराठी घरांत मी गेली बारा वर्षं हाच दोष दुरुस्त करत आलोय. मी गॅसचा इंजिनिअर नाही. मी फक्त पाण्याच्या बाजूचं काम करतो: रेडिएटर, व्हॉल्व्ह आणि प्रेशर. पुढचं सगळं तेवढ्यापुरतंच आहे. गॅसवरचा बॉयलर, त्यातून फिरणारं बंदिस्त पाणी आणि प्रत्येक खोलीत भिंतीला टांगलेला लोखंडी रेडिएटर, अशी इथल्या बहुतेक घरांची रचना असते. तुमचंही घर तसंच असेल तर वाचा.

आधी हात लावून बघा

हीटिंग अर्धा तास चालू ठेवा आणि घरभर फिरा. प्रत्येक रेडिएटरला वर, खाली, मध्ये आणि दोन्ही पाइपांना हात लावा. जपून, चटका बसतो. गार कुठे लागतं त्यावरून बरंचसं निदान होतं.

- खाली गरम, वरचा भाग गार: आत हवा अडकलीय.
- वर आणि कडांना गरम, खाली मधोमध गार: तळाशी गाळ बसलाय.
- एकच रेडिएटर पूर्ण गार, आणि त्याचा एक पाइप व्हॉल्व्हपर्यंत गरम: व्हॉल्व्ह अडकलाय.
- वरच्या मजल्यावरचे सगळे गार: प्रेशर उतरलंय, किंवा माळ्यावरची छोटी टाकी कोरडी पडलीय.
- बॉयलरजवळचे भाजतात, लांबचे कोमट, शेवटचा गार: पाण्याची वाटणी बिघडलीय. मला येणाऱ्या फोनांत ही तक्रार सगळ्यात जास्त असते.
- नळाला गरम पाणी व्यवस्थित येतं, पण एकही रेडिएटर तापत नाही: थर्मोस्टॅट, नाहीतर बॉयलरच्या आतला काही भाग.

काय दिसलं ते कागदावर लिहून ठेवा. पुढे इंजिनिअरला बोलवायची वेळ आली तर "घर गार आहे" या वाक्यापेक्षा हा कागद त्याच्या जास्त कामाचा असतो, आणि त्याचा वेळ वाचला की तुमचे पैसे वाचतात.

फुकटातल्या तपासण्या

भिंतीवरच्या थर्मोस्टॅटची बॅटरी बदलून बघा. बिनतारी थर्मोस्टॅट असेल तर बॅटरी संपत आल्यावर त्याचा निरोप बॉयलरपर्यंत पोहोचतच नाही. टायमर बघा. घड्याळ बदललं किंवा मध्ये वीज गेली की जुने टायमर चुकीच्या वेळेला हीटिंग चालू करतात आणि आपण पहाटे कुडकुडत बॉयलरला दोष देतो.

मग रेडिएटरच्या समोर काय आहे ते बघा. सोफा, जाड पडदे, वाळत घातलेले कपडे. आपल्या घरांत शेवटचं कारण फार सापडतं, कारण इथल्या हिवाळ्यात कपडे वाळणार कुठे? रेडिएटरच्या एका टोकाला १ ते ५ आकडे असलेलं डोकं असतं, तो थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. तो स्वतःभोवतीची हवा मोजतो आणि ती गरम झाली की पाणी तोडतो. त्याच्यावर टॉवेल टाकला किंवा तो पडद्याआड गेला तर त्याला खोली तापल्यासारखी वाटते आणि तो बंद होतो. खोली मात्र गारच. ३ वर ठेवला तर खोली साधारण २० अंशांच्या आसपास राहते. ५ वर फिरवल्यानं खोली लवकर तापत नाही. तो फक्त उशिरा बंद होतो.

आणखी एक गोष्ट, जी मी जवळजवळ प्रत्येक घरात बघतो. भिंतीवरचा मुख्य थर्मोस्टॅट बहुधा जिन्याखालच्या हॉलमध्ये असतो आणि हॉल लहान असतो. तिथला रेडिएटर झपाट्यानं तापला की थर्मोस्टॅट समजतो की सगळं घर तापलं, आणि बॉयलर बंद करतो. वरच्या खोल्यांना जेमतेम दहा मिनिटं पाणी मिळालेलं असतं. अशा वेळी लोक थर्मोस्टॅट २५ वर नेतात, हॉल भट्टी होतो, बिल वाढतं. करायचं असतं उलट: हॉलचा रेडिएटर आवळायचा. कसा, ते पुढे सांगतो.

प्रेशर आणि हवा

कॉम्बी (वेगळ्या टाकीशिवाय नळाचं पाणीही तापवणाऱ्या) बॉयलरच्या दर्शनी भागावर प्रेशरचा काटा किंवा आकडा असतो. हीटिंग बंद आणि पाणी गार असताना तो १ ते १.५ बार हवा. तापल्यावर २ च्या आसपास गेला तरी चालतो. १ च्या खाली असेल तर पाणी वरच्या मजल्यापर्यंत नीट चढत नाही आणि बरेच बॉयलर चालूच होत नाहीत.

पाणी भरण्यासाठी बॉयलरच्या खाली वेणीसारख्या तारेचं आवरण असलेला छोटा पाइप असतो, त्याला फिलिंग लूप म्हणतात. काही बॉयलरना त्याऐवजी किल्ली किंवा दांडी असते. दोन्ही टोकांचे कॉक हळूहळू उघडा, काटा १.२ च्या आसपास आला की दोन्ही घट्ट बंद करा. बंद केले ना, हे पुन्हा बघा. एक कॉक जरासा झिरपत राहिला तरी प्रेशर दिवसभरात चढत जातं आणि ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर टाकायला लागतो. पाणी भरून झाल्यावर तो पाइप काढून ठेवावा, असाच इथला नियम आहे.

जुन्या घरांत काटा नसतो. तिथे माळ्यावर दोन टाक्या असतात, मोठी नळांच्या पाण्याची आणि छोटी हीटिंगची. छोट्या टाकीतला फ्लोट वर्षानुवर्षं हलत नाही म्हणून जाम होतो, पाणी हळूहळू कमी होतं आणि एके दिवशी टाकी कोरडी पडते. फ्लोट हातानं खालीवर करून बघा. पाणी यायला लागलं तर दोष सापडला.

हवा काढायला चौकोनी तोंडाची छोटी किल्ली लागते, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात पौंड-दोन पौंडांत मिळते. हीटिंग बंद करा आणि रेडिएटर निवू द्या. पंप चालू असताना हवा काढायला गेलात तर काही ठिकाणी उलट हवा आत ओढली जाते. आधी खालचा मजला, मग वरचा. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला स्क्रू अर्धा आटा सैल करा, पूर्ण काढू नका. फुसफुस थांबून पाण्याची धार आली की बंद. खाली जाड फडकं धरा, कारण हे पाणी काळं असतं आणि कार्पेटवरचा डाग जात नाही. शेवटी प्रेशर पुन्हा बघा. हवा निघाली म्हणजे ते उतरलेलं असणारच.

वर्षातून एकदा हवा काढावी लागणं साधं आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी तोच रेडिएटर वरून गार पडत असेल तर एकतर कुठून तरी हवा आत येतेय, किंवा आत लोखंड गंजतंय. गंजताना हायड्रोजन तयार होतो आणि तोच वर साठतो. तो जळणारा वायू आहे, म्हणून स्क्रू उघडताना जवळ मेणबत्ती, सिगारेट काहीही नको.

अडकलेली पिन

थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचं डोकं ५ वर करून त्याखालची कडी हातानं फिरवली की ते निघतं. आत बारीक पिन दिसते. ती चमच्याच्या पाठीनं दाबा. तीन-चार मिलिमीटर आत जाऊन पुन्हा वर आली तर ठीक. आत जाऊन तिथेच राहिली तर उन्हाळाभर व्हॉल्व्ह बंद होता आणि पिन चिकटलीय. व्हॉल्व्हच्या अंगावर लाकडी ठोकळ्यानं हलके ठोके द्या, पिनेभोवती सिलिकॉनच्या वंगणाचा थेंब सोडा, हळूहळू दाबत-सोडत राहा. बहुतेक वेळा ती सुटते. पक्कडीनं धरून जोरात ओढू नका. काही जुन्या व्हॉल्व्हची पिन हातात येते आणि मागून दाबाखालचं काळं पाणी खोलीभर होतं. मी एका मित्राच्या घरी नवीन कार्पेटवर हे होताना पाहिलंय.

मे महिन्यात हीटिंग बंद करताना सगळे व्हॉल्व्ह ५ वर उघडे ठेवले तर ऑक्टोबरमध्ये हा प्रश्न उभाच राहत नाही.

पाण्याची वाटणी

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि तरीही लांबची खोली गारच असेल, तर त्या रेडिएटरमध्ये दोष नाही. दोष जवळच्या रेडिएटरमध्ये आहे. हे लोकांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आमची शेती कोपरगाव तालुक्यात, गोदावरीच्या कालव्यावर, टेलला. आवर्तन सुटलं की मुखाजवळची शेतं आधी भरायची आणि आमच्यापर्यंत येता येता पाट आटायचा. वडील रात्री दारं धरायला जायचे तेव्हा मी बॅटरी घेऊन सोबत असायचो. पहिला वाफा भरला की फावड्यानं माती ओढून त्याचं दार बुजवायचं, मग पाणी पुढे वळायचं. शेवटच्या वाफ्याचं दार कितीही मोठं केलं तरी पहिल्याचं उघडं असेल तर पाणी तिथेच जिरतं.

बॉयलरचा पंपही तसाच ठरावीक जोर लावतो. पाणी सगळ्यात सोप्या, जवळच्या वाटेनं जाऊन परत येतं. स्वयंपाकघरातला आणि हॉलमधला रेडिएटर पुढच्या दारावरच्या छोट्या खोलीचं पाणी खातात. त्या छोट्या खोलीचा व्हॉल्व्ह आधीच पूर्ण उघडा असतो, तो आणखी काय उघडणार? जवळची दारं आवळायला हवीत.

ती आवळायची जागा म्हणजे रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह, ज्यावर नुसती पांढरी टोपी असते. तो लॉकशील्ड. टोपी ओढून काढली की आत चपटा दांडा दिसतो, तो छोट्या पान्यानं फिरवायचा. आधी घड्याळाच्या दिशेनं पूर्ण बंद करत किती आटे बसतात ते मोजा आणि लिहून ठेवा. काही बिघडलं तर मूळ जागी परत जाता आलं पाहिजे. पाना लावताना व्हॉल्व्हचं अंग दुसऱ्या हातानं घट्ट धरा, नाहीतर जुना पाइप पिळला जातो. दांड्याच्या बुडाशी थेंब दिसला तर तिथला नट जरासा आवळा. आवळूनही थांबत नसेल तर तिथेच थांबा.

पद्धत अशी. सकाळी घर गार असताना सुरुवात करा. सगळे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह ५ वर, सगळे लॉकशील्ड पूर्ण उघडे. भिंतीवरचा थर्मोस्टॅट इतका वर ठेवा की बॉयलर मध्येच थांबणार नाही. हीटिंग चालू करा आणि कुठला रेडिएटर आधी तापतो त्याचा क्रम लिहा. घरातल्या दोघांनी, एकानं वर आणि एकानं खाली, हे केलं तर सोपं जातं. जो पाइप आधी तापतो तो येणाऱ्या पाण्याचा, दुसरा परतीचा.

मग घर पुन्हा निवू द्या. दुसऱ्यांदा सुरू केल्यावर पहिल्या क्रमांकाच्या रेडिएटरकडे जा. लॉकशील्ड पूर्ण बंद करून फक्त पाव आटा उघडा. दहा मिनिटं थांबा आणि दोन्ही पाइपांचं तापमान मोजा. पाइपाला चिमट्यानं लावायचे दोन थर्मामीटर सगळ्यात चांगले. इन्फ्रारेड बंदूक वापरणार असाल तर चकचकीत तांब्यावर किंवा क्रोमवर ती चुकीचा, खूप कमी आकडा दाखवते. पाइपावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि टेपवर मोजा.

दोन पाइपांत किती फरक हवा? जुन्या बॉयलरसाठी साधारण ११-१२ अंश धरतात. कंडेन्सिंग बॉयलरला, म्हणजे धुरातली उष्णता परत घेणाऱ्या बॉयलरला, २० पर्यंत चालतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवीन गॅस बॉयलर कंडेन्सिंगच लागतो, म्हणजे बहुतेकांकडे तोच असणार. फरक फार कमी, तीन-चार अंश, म्हणजे पाणी उष्णता न देताच धावत परत जातंय, लॉकशील्ड आणखी थोडा आवळा. फरक फार जास्त म्हणजे पाणी अडलंय, थोडा उघडा. एकावेळी अष्टमांश-पाव आटाच. लॉकशील्डचा बहुतेक परिणाम पहिल्या एका आट्यात होतो. तीन आट्यांवरून दोनवर आणून काहीच बदललं नाही म्हणून लोक सोडून देतात, ते यामुळेच.

मग दुसरा, तिसरा, असं क्रमानं. शेवटचा रेडिएटर पूर्ण उघडा ठेवायचा. एक फेरी झाली की पुन्हा पहिल्यापासून बघावं लागतं, कारण प्रत्येक बदल बाकी सगळ्यांना ढकलतो. माझ्या घरात नऊ रेडिएटर आहेत आणि मला दोन शनिवार लागले. आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा ती त्याच छोट्या खोलीत दोन ब्लँकेटं आणि वरून गोधडी घेऊन झोपायची आणि तक्रार करायची नाही. मी आधी बॉयलरचं तापमान वाढवत बसलो होतो. शेवटी स्वयंपाकघराचा पाव आटा, हॉलचा जेमतेम अर्धा, बैठकीच्या खोलीचा एक, असं बसलं. तिच्या खोलीतला रेडिएटर पंधरा मिनिटांत हात ठेवता येणार नाही इतका तापायला लागला.

याचा बिलावरही परिणाम होतो. परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली आलं तरच कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता परत घेतो. वाटणी बिघडलेल्या घरात जवळच्या रेडिएटरमधून जवळजवळ तेवढंच गरम पाणी परत येतं आणि महागडा बॉयलर साध्या बॉयलरसारखा चालतो. म्हणून वाटणी नीट झाल्यावर बॉयलरवरचं रेडिएटरांचं तापमान ७५-८० वरून ६०-६५ पर्यंत उतरवून बघा. कडाक्याची थंडी नसेल तर घर तितकंच उबदार राहतं. गरम पाण्याची वेगळी टाकी असलेल्या घरात मात्र ते ६५ च्या खाली नेऊ नका. टाकीतलं पाणी किमान ६० अंश व्हायला हवं, नाहीतर त्यात लिजनेलाचे जंतू वाढतात.

आट्यांचा तक्ता बॉयलरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. रंगकामाला येणारी माणसं रेडिएटर काढतात आणि लावताना लॉकशील्ड पूर्ण उघडतात.

गाळ

खाली मधोमध गार राहणारा रेडिएटर वाटणी करून सुधारत नाही. आतलं लोखंड गंजून काळा चुंबकीय गाळ तयार होतो आणि तळाशी बसतो. हवा काढताना आलेलं पाणी शाईसारखं काळं असेल तर हेच. वारंवार नवं पाणी भरलं की त्यासोबत नवा ऑक्सिजन जातो आणि गंज वाढतो. दर आठवड्याला प्रेशर भरत बसणं घातक आहे ते यासाठी.

एकाच रेडिएटरमध्ये गाळ असेल तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून तो काढता येतो, बागेत नेऊन नळीनं धुता येतो. तो भरलेला असताना खूप जड असतो, दोन माणसं आणि भरपूर जुनी वर्तमानपत्रं लागतात. परत लावल्यावर पाण्यात इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन, घालायला विसरू नका. बहुतेक बाटल्या १०० लिटर पाण्याला, म्हणजे साधारण आठ-दहा रेडिएटरांना पुरतात. सगळ्या घरातच गाळ असेल तर मशीननं धुणं हे व्यावसायिकाचं काम. करंगळीएवढे ८ किंवा १० मिलिमीटरचे बारीक पाइप असतील तर ते आधीच सांगा, त्यांत गाळ पटकन तुंबतो.

इथे हात मागे घ्या

बॉयलरचं पुढचं झाकण उघडायचं नाही. बऱ्याच बॉयलरमध्ये ते झाकणच धूर घरात येऊ न देणारं सील असतं. त्यामागे हात घालायचा अधिकार फक्त गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाला. २००९ पासून हीच अधिकृत नोंदणी आहे. त्याच्याकडे फोटोचं कार्ड असतं. ते मागा, उलटून मागची बाजूही बघा, कारण त्याला कुठल्या प्रकारचं काम करता येतं ते तिथे लिहिलेलं असतं. मागितल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

प्रेशर गार असताना शून्यावर आणि तापल्यावर ३ कडे धावत असेल, बाहेरच्या भिंतीतून निघालेल्या तांब्याच्या पाइपातून थेंब पडत असतील, तर बॉयलरच्या आतली एक्सपान्शन व्हेसल (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी छोटी टाकी) गेलीय. तिच्यात हवा भरायचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. प्रेशर रोज उतरतंय आणि कुठेही ओल दिसत नाही, तर पाणी लादीखाली किंवा बॉयलरच्या आत जातंय. नळ उघडल्यावर रेडिएटर तापतो, किंवा नळ गरम आणि हीटिंग गार, म्हणजे बॉयलरमधला दिशा बदलणारा व्हॉल्व्ह. बॉयलर उकळत्या किटलीसारखा आवाज करत असेल तर आत क्षार साठलेत, आमच्याकडे पाणी जड असल्यानं हे नेहमीचं. एरर कोड आला तर एकदा, फार तर दोनदा रीसेट करा. तिसऱ्यांदा फोन.

कडक थंडीत बॉयलर गुळगुळ आवाज करून बंद पडला तर फोन करण्याआधी एक गोष्ट बघा. बाहेर निघालेला पांढरा प्लॅस्टिकचा पाइप गोठलेला असू शकतो. डिसेंबर २०१० मध्ये इथे असंख्य बॉयलर याच कारणानं बंद पडले होते. त्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको, मग रीसेट करा. पाइप उंचावर असेल तर बर्फावर शिडी लावू नका.

भाड्याच्या घरात राहत असाल तर हवा काढण्यापलीकडे काही करू नका. इंग्लंडमध्ये हीटिंग चालू ठेवणं ही १९८५ च्या कायद्यानं घरमालकाची जबाबदारी आहे, आणि गॅस सुरक्षेच्या वेगळ्या नियमांनुसार दर १२ महिन्यांनी गॅसची तपासणी करून त्याची प्रत तुम्हाला देणंही. तोंडी सांगू नका, ईमेल करा. एका नव्यानं आलेल्या कुटुंबाला मालकाचा स्वभाव चांगला म्हणून तक्रार करायला संकोच वाटत होता, आणि सात महिन्यांचं बाळ कोट घालून झोपत होतं. ईमेल गेल्यावर चौथ्या दिवशी माणूस आला.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर आजच आणा. या वायूला वास नसतो. घरात असताना डोकं दुखतं आणि बाहेर गेल्यावर थांबतं, घरातल्या एकाहून जास्त जणांना मळमळतंय, ज्योत निळीऐवजी पिवळी दिसतेय: बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात लावू नका. मीटरजवळचा कॉक बंद करा आणि बाहेर जाऊन ०८०० १११ ९९९ ला फोन करा. तो चोवीस तास चालू असतो.